तेवीस तीसचं हसू

"पाणी पावणेसहाला येतं," असं काकांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मी सलग तीन दिवस सव्वासहाला बादली घेऊन नळाखाली उभी राहिले. चौथ्या दिवशी काका जिन्यापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोज गाडी गेल्यावर स्टँडवर येता."

मी इंग्रजी माध्यमात शिकलेले. घरी मराठी बोलायचो, पण आकडे आणि वेळा शाळेनं इंग्रजीत दिल्या होत्या. पावणे आणि सव्वा यांतलं कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे मला बाविसाव्या वर्षीही नक्की ठाऊक नव्हतं, आणि ते कोणाला विचारणं त्याहून अवघड वाटायचं. काकांना यातलं काही सांगितलं नाही. नुसतं "सॉरी" म्हटलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी ऑफिसातून आले तर जिन्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं होतं: पाणी ०५.४५. त्याखाली बारीक अक्षरांत: वेळेपूर्वी पाच मिनिटे हजर राहावे.

हे माझे इंदिरानगरातले घरमालक. खाली ते आणि काकू, वर मी एकटी. अंबडला एका कारखान्याच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळायची माझी पहिली नोकरी होती. त्यांच्या वरच्या खोलीत मी दोन वर्षं राहिले. ते साधारण दोन हजार चार-पाचचं साल असेल.

काका बस स्टँडवर कंट्रोलर होते. म्हणजे काचेमागे बसून माइकवरून गाड्या पुकारणारा तो माणूस. सटाण्याला सुरुवात केली आणि नाशकात निवृत्त झाले. निवृत्त झाले असं नुसतं म्हणायचं, कारण पुकारणं काही थांबलं नव्हतं. ताटं वाढली की काकूंच्या आधी तेच हाक मारायचे, "जेवण लागलेलं आहे." दूधवाला आला नाही की गेटवर उभं राहून गल्लीला सांगायचे, "दूध वीस मिनिटं उशिरा धावत आहे." आवाज असा की समोरच्या बंगल्यातल्या बाई गॅसवरचं आधण उतरवायच्या. चोवीस तासांचं घड्याळ त्यांच्या जिभेवर बसलं होतं. दुपारी झोपायचे ते तेरा तीसला, उठायचे चौदा पंधराला. काकू म्हणायच्या, "लग्नाचा मुहूर्त भटजींनी सांगितला तर हे म्हणाले, म्हणजे अठरा बावन्नचा ना."

त्यांचा कान हा त्या घराचा अभिमान होता. सगळ्या गाड्या आवाजावरून ओळखू येतात, असं ते सांगायचे. मला ते फुशारकीचं वाटायचं. एकदा दिवाळीला मी गावी निघाले तेव्हा माझी बॅग धरून ते स्टँडपर्यंत आले आणि मुद्दाम फलाटाकडे पाठ करून बाकावर बसले. मागून गाडी आत शिरली की डोळे मिटून सांगायचे. "सटाणा. पिंपळगाव. ही सायखेड्याची, हिला घाई नसते." मी पाट्या वाचत होते. आठांतल्या सात बरोबर निघाल्या. आठवीला ते "मालेगाव" म्हणाले आणि पाटी त्र्यंबकची होती. मी संकोचून सांगितलं. ते वळलेही नाहीत. म्हणाले, "पाटी चुकली असेल." दोन मिनिटांनी कंडक्टर डोकं खाजवत आला आणि पाटी काढून मालेगावची लावून गेला.

तर या काकांचा टीव्ही शनिवारी रात्री इंग्रजीत बोलतो, हे मला वर पलंगावर पडल्या पडल्या कळलं. आधी वाटलं, चॅनेल चुकून लागला असेल. पण पुढच्या शनिवारीही तेच. साडेअकराला संगीत, मग माणसांचा आरडाओरडा, मग शेकडो लोकांचं हसणं. अमेरिकेतला एक विनोदी कार्यक्रम होता तो. छोट्या छोट्या नाटुकल्या, एक संपली की दुसरी, समोर खरे प्रेक्षक बसलेले. कॉलेजात माझ्या मैत्रिणी तो पाहायच्या. पण काकांनी तो का पाहावा? त्यांचं इंग्रजी गाड्यांच्या पाट्यांपुरतं होतं. अक्षरं लावून वाचायचे, पण बोललेलं काही कळायचं नाही.

तिसऱ्या शनिवारी जिन्याखालून हाक आली. "मॅडम, जाग्या आहात? जरा खाली या. ते का हसले, कळेना."

मी गेले. समोरच्या खोलीत काका इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून, ताठ बसले होते. रात्री साडेअकराला. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. दोघांचं आपसातलं बोलणं अहिराणीत चालायचं, त्यातलं निम्मंच मला कळायचं. काकू म्हणाल्या, "माणसं हासी राह्यनात का रडी राह्यनात, काय समजत नई." मग माझ्यासाठी मराठीत, "ये माय, बस. तू तरी सांग यांना, आणि झोपव."

तिथून माझी दुसरी नोकरी सुरू झाली. नाटुकली चालू असताना बोलायचं नाही, हा नियम. जाहिराती लागल्या की मी सांगायचं. मी आयुष्यात कधी कोणाला विनोद सांगितला नव्हता. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही खाली पाहणारी मुलगी मी. आणि इथे अपुऱ्या मराठीत, परक्या देशातले विनोद, एका कंट्रोलरला.

"ते त्यांच्या राष्ट्राध्यक्षांची नक्कल करतायत."

"समोर?"

"टीव्हीवर."

"आणि त्याला काही झालं नाही?"

"नाही."

काका विचारात पडले. "आमच्याकडे एक क्लीनर मॅनेजरसाहेबांची नक्कल करायचा. फार हुबेहूब. त्याची बदली गडचिरोलीला झाली."

काही विनोद सांगण्यासारखे नसायचे. माझे कान तापायचे आणि मी म्हणायचे, "हे असंच आहे." दोन-तीनदा असं झाल्यावर काका म्हणाले, "असंच म्हणजे वाह्यात ना? मग राहू द्या. त्याचं हसू निराळं असतं, ते मला आवाजावरून कळतं." पुढे आमची ती खूणच ठरली. नाटुकली संपली की ते विचारायचे, "असंच?" आणि मी मान हलवायचे. उंबऱ्यातून काकू हसायच्या. त्यांना त्यात एक जाडी नटी फार आवडायची. ती धडपडून पडली की काकूंना भाषांतर लागायचं नाही.

मला महिनाभर वाटलं, म्हातारपणीची लहर आहे. मग एका रात्री कार्यक्रम संपल्यावर काकूंनी चिवड्याची वाटी माझ्या हातात दिली आणि काका न विचारताच बोलले.

त्यांचा मुलगा सहा वर्षांपूर्वी अमेरिकेला गेला होता. त्याला घरात भाऊ म्हणायचे. मध्ये एकदाच येऊन गेला, दहा दिवसांसाठी. त्याचा फोन रविवारी सकाळी यायचा. इथून कधी लावायचा नाही, कारण काकांच्या मते गाडी तिकडून सुटत होती आणि सुटायच्या ठिकाणी गडबड करायची नसते. त्यानं फोनवर एकदा सांगितलं की शनिवारी रात्री आम्ही हा कार्यक्रम पाहतो. म्हणून काकांनी केबलवाल्याला विचारून विचारून तो चॅनेल शोधून काढला होता.

"भाऊ फोनवर हसत नाही, मॅडम," काका म्हणाले. "पूर्वी हसायचा. आता काही विचारलं की ठीक आहे म्हणतो. जेवलास का, ठीक आहे. नोकरी, ठीक आहे. ठीक आहे म्हणणाऱ्या ड्रायव्हरला मी कधी घाटात पाठवला नाही."

"मग तुम्ही हे पाहता ते..."

"तो कशाला हसत असेल, ते पाहतो."

काकू शेंगांची टरफलं गोळा करत होत्या. म्हणाल्या, "त्याचं हसणं तू ऐकायला पाहिजे होतंस. शाळेच्या गॅदरिंगला सगळा मंडप हसून गप्प व्हायचा, आणि मग हा सुरू व्हायचा. सगळे मागे वळून बघायचे. मला लाज वाटायची."

"उशिरा सुरू होतं," काका म्हणाले. "थंडीत डिझेल गाडी होते तशी. एकदा मारलं, नाही. दोनदा मारलं, नाही. तिसऱ्यांदा भस्सकन. मग बंद करायला सांगावं लागतं."

त्यानंतर मी शनिवारी हाक येण्याआधीच खाली जाऊ लागले.

उन्हाळ्यात तो कार्यक्रम बंद व्हायचा आणि जुनेच भाग दाखवायचे. नवा सीझन पावसाळा संपता संपता सुरू होतो, असं मी सांगितलं.

"सीझन म्हणजे आंब्याचा असतो तसा?"

"साधारण. मध्ये सुट्टी असते."

"मग शाळाच म्हणा," काका म्हणाले. जुने भागही त्यांनी सोडले नाहीत.

भाऊचे मेल माझ्या पत्त्यावर येऊ लागले ते याच सुमाराला. त्या घरात कॉम्प्युटर नव्हता. मी काकांच्या सांगण्यावरून ऑफिसातून मेल करायचे आणि उत्तर आलं की छापून आणायचे. भाऊ मराठीच लिहायचा, पण इंग्रजी अक्षरांत. कबूल करायला लाज वाटते, पण मला ती मराठी देवनागरीपेक्षा भरभर वाचता यायची. काकांनाही अक्षरं लावून वाचता आली असती, पण ते म्हणायचे, "जन्मभर मी पुकारलं. आता दुसऱ्यानं पुकारावं, मी ऐकतो." वाचून झालं की कागद काकूंच्या बिस्किटांच्या डब्यात जायचा.

एका रविवारी फोनवर भाऊनं सांगितलं की नव्या सीझनच्या पहिल्या भागाला तो प्रत्यक्ष जाणार आहे. प्रेक्षकांत बसणार. तिथे पास आधी मिळत नाहीत, पहाटेपासून रांग लावावी लागते, पण तो लावणार.

त्या दिवशी काकांनी गेटपाशी कोणालाही सोडलं नाही. इस्त्रीवाला, दूधवाला, समोरचे दोघं, देवळातले पुजारी. "आमचा भाऊ अमेरिकेत टीव्हीवर येणार आहे." काकूंनी दुरुस्ती केली, की येणार नाही, समोर बसणार आहे. "तेच," काका म्हणाले. "दिसायची गरज नाही. हसला की कळेल."

मी विचारलं, "इतक्या लोकांत?"

"मॅडम, सगळे हसून थांबले की मगच त्याचं सुरू होतं. तेव्हा दुसरं कोण असणार?"

ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला एकदम कळलं, हा माणूस सहा वर्षं ज्याची वाट पाहतोय ते आता वेळापत्रकावर आलं आहे. तारीख, वार, तेवीस तीस.

तिथे तो भाग झाला आणि आपल्याकडे दाखवायला अजून तीन आठवडे होते. मधल्या बुधवारी भाऊचा मेल आला. मी ऑफिसात उघडला. नेहमीचंच होतं, थंडी सुरू झालीय, आईनं पाठवलेला मसाला संपत आला. खाली तीन ओळी जागा सोडून लिहिलं होतं: ताई, याच्या पुढचं वाचून दाखवू नका. मी आठ तास रांगेत उभा होतो. माझ्या पुढच्या माणसापर्यंत दार उघडं होतं. आत जाता आलं नाही. बाबांनी अख्ख्या इंदिरानगरला सांगितलं असेल, म्हणून त्यांना काही बोलू नका. एवढ्या गर्दीत काय ऐकू येणार, असं त्यांनाच वाटेल.

मी तो मेल छापला आणि कागद समोर ठेवला. मला खोटं बोलायची सवय नाही. चांगुलपणामुळे नव्हे. मी मुळातच कमी बोलते, त्यामुळे वेळच येत नाही. इथे खोटं बोलायचंही नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते तर मला सगळ्यात चांगलं येतं. मी कात्री घेतली आणि खालच्या ओळी कापून टाकल्या. पट्टी धरून, सरळ.

संध्याकाळी वाचून दाखवलं. काकांनी कागद घेतला, घडी घालताना खालच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि काकूंकडे दिला. म्हणाले, "थंडी लवकर पडली यंदा तिकडे."

त्यानंतरचे दोन आठवडे मला जड गेले. काका रोज केबलवाल्याच्या दुकानात चक्कर मारायचे. त्यानं मध्येच चॅनेलांचे क्रमांक बदलले होते. परत येऊन काका सांगायचे, "गाडी आहे. फलाट बदललाय." रविवारच्या फोनवर भाऊला विचारलं की तो म्हणायचा, "बघा ना तुम्ही. ठीक होता कार्यक्रम."

तो शनिवार आला. काकूंनी कांदा-टोमॅटो चिरून भरपूर चिवडा कालवला होता, कारण समोरचे दोघंही येणार होते. ते आले, चिवडा खाल्ला, दहा मिनिटं पडद्याकडे बघितलं. "यातला कुठला तुमचा?" असं एकानं विचारलं. काका म्हणाले, "यातला नाही. पलीकडे." पहिल्या जाहिरातींत ते दोघं उठले. काकांनी त्यांना थांबवलं नाही.

"आज भाषांतर नको," ते मला म्हणाले. खुर्ची उचलून त्यांनी टीव्हीच्या अगदी जवळ नेली. मग स्टँडवर बसले होते तसे पडद्याकडे पाठ करून बसले आणि डोळे मिटले.

मी त्यांच्याकडेच पाहत होते. पडद्यावर एक वकील होता, त्याला आपलं अशील कोण हेच आठवत नव्हतं, आणि शेवटी तो न्यायाधीशांचीच बाजू मांडायला लागला. लोक पोट धरून हसले. हसणं ओसरलं. काकांचं डोकं किंचित पुढे झुकलं. ओसरल्यानंतरची ती एक सेकंदाची जागा ते ऐकत होते. तिथे काही नव्हतं. पुढची नाटुकली. पुन्हा हसणं, पुन्हा ती जागा, पुन्हा त्यांची मान पुढे. एका नाटुकलीत तर कोणीच हसलं नाही, लिफ्टमध्ये शेळी घेऊन अडकलेल्या माणसाची होती. त्या शांततेत मागे कुठेतरी एक माणूस एकटाच हसला. काकूंनी शेंग हातातच धरली. मीसुद्धा श्वास धरला. मला ठाऊक असून. काकांनी नुसती मान हलवली, नाही.

नावं वर सरकायला लागली आणि संगीत सुरू झालं. काकांनी उठून टीव्ही बंद केला.

काकूंनी विचारलं, "शे का तो?"

काकांनी खुर्ची परत जागेवर नेली. मग म्हणाले, "नई शे."

नई शे म्हणजे नाही, अहिराणीतलं तेवढं मला कळत होतं. मी उठून उभी राहिले आणि बोलले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "काका, मला माहीत होतं. त्यानं लिहिलं होतं. तो रांगेत होता, पण आत जाता आलं नाही. मी ते कापलं."

"मला माहीत आहे," काका म्हणाले. "कागद आखूड होता. हातानं फाडला असता तर वाटलं असतं, मशीननं फाडला. कात्रीनं सरळ कापलेला कागद म्हणजे कोणीतरी विचार करून कापलेला."

"मग तुम्ही आज का बसलात?"

"कॅन्सल झालेली गाडीसुद्धा कधी कधी येते, मॅडम. मी पाहिलीय." त्यांनी खिशातलं पेन काढून मला दिलं. "लिहून घ्या. सोमवारी मेल करा."

मी एका वहीच्या पानावर लिहून घेतलं. त्यांनी उभं राहून सांगितलं.

"चिरंजीव भाऊस आशीर्वाद. कार्यक्रम पाहिला. तुझं हसू ऐकू आलं. वकिलाच्या नाटुकलीनंतर, सगळे थांबल्यावर. स्पष्ट ऐकू आलं. आईनेही ओळखलं."

"माझं नाव खोट्यात कशाला?" काकू म्हणाल्या.

काका थांबले. मी पेन वर धरून बसले. काकूंनी सुपातल्या शेंगा एकदा इकडून तिकडे केल्या. "बरं लिही माय," त्या म्हणाल्या. "आईने आधी ओळखलं, असं लिही."

सोमवारी मी तो मेल जसाच्या तसा पाठवला. एका बाजूला मुलाचं खोटं, दुसऱ्या बाजूला बापाचं, आणि दोन्ही माझ्याच हातून गेलेली. भाऊला खरं सांगणारी एक ओळ खाली लिहावी, असं मनात आलं. लिहिली नाही. कापायला या वेळी दुसरं कोणी नव्हतं.

उत्तर आलं नाही. त्याचे मेल बहुतेक बुधवारी यायचे, तो बुधवारही कोरा गेला. दोन दिवस काकांनी जेवण पुकारलं नाही. काकूंनी नुसतं ताट आणून ठेवलं.

रविवारी सकाळी काकूंनी मला नाश्त्याला बोलावलं होतं. फोन वाजला. काकांनी उचलला. इकडचं तिकडचं काही न विचारता भाऊनं एकदम विषयाला हात घातला असावा, कारण काका सावरून बसले.

"हो, ऐकलं ना," ते म्हणाले. "वकिलाच्या नंतर. अरे, तूच होतास. तुझ्या डाव्या हाताला एक बाई खोकत होती. दोनदा खोकली. मग तू हसलास."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांचा चेहरा गंभीर होता. पलीकडून भाऊचा आवाज मोठा झाला आणि मलासुद्धा ऐकू आला.

"बाबा, मी आत गेलोच नव्हतो. दारातून परत आलो मी."

"असं?" काका म्हणाले. "मग ती बाई कोणाशेजारी खोकत होती?"

त्यांचा प्रश्न संपतो न संपतो तोच पलीकडे खरखर झाली. मला वाटलं लाइन गेली. पण तो हसत होता.

मी ज्याचं इतकं वर्णन ऐकलं होतं, ते हे हसू नव्हतं. हे लगेच, नाकातून, भराभर तुकड्यांत येत होतं, मध्ये श्वास घेत, आणि पुन्हा. काकांनी रिसीव्हर कानापासून दूर केला आणि हात लांब करून काकूंकडे धरला. काकू जवळ आल्या नाहीत. पदर तोंडावर धरून आहेत तिथूनच ऐकत राहिल्या. तो "बाई... खोकत..." असं काहीतरी म्हणायचा प्रयत्न करत होता आणि पुन्हा हसत होता. मग म्हणाला, "बाबा, ठेवतो, मला बोलता येत नाहीये," आणि फोन ठेवला.

काका रिसीव्हर जागेवर ठेवून त्यावर हात तसाच ठेवून बसले. मला वाटलं आता ते काहीतरी गमतीचं बोलतील.

"हे हसू मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

त्यांनी रिसीव्हरवरचा हात काढून घेतला.

"बदललं. लगेच लागतं आता. तो तिथे आत बसलेला असता ना मॅडम, आणि असाच हसला असता, तर माझ्या कानावरून गेलं असतं. मी म्हटलं असतं, नई शे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कानाबद्दल ते असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पोरगं हसत होतं आणि मी नाही म्हटलं असतं."

काकू पुढे आल्या. त्यांनी पदरानं फोन पुसला. त्यावर काही लागलेलं नव्हतं.

"मग लावा परत," त्या म्हणाल्या. "दोन-तीनदा ऐकलं की होईल पाठ."

"इथून?"

"इथून."

त्या घरातून अमेरिकेला फोन लावलेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता. काकांनी डायरी काढली. चष्मा लावून आकडे दाबताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा रिंग गेली, आणि भाऊनं ती पुरी वाजूही दिली नाही.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही," काका म्हणाले. "हस."